अकरा सेकंद आधीचा पास

माझे लहानपण खडकीत गेले. धनराज पिल्ले यांच्या खडकीत हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी, आणि तिथे पंचांनी शिट्टी वाजवली की कितीही तापलेला खेळाडू दोन पावले मागे सरत असे. दोघांनी हातमोजे काढून टाकावेत, एकमेकांना गुद्दे घालावेत आणि कोणीतरी खाली पडेपर्यंत पंचांनी बाजूला उभे राहून वाट पाहावी, ही गोष्ट उत्तर अमेरिकेत येईपर्यंत मी ऐकलीही नव्हती. गेली नऊ वर्षे मी इथल्या एका व्यावसायिक आइस हॉकी संघासाठी व्हिडिओ विश्लेषक म्हणून काम करतो आणि अशा मारामाऱ्यांची नोंद ठेवणे हाही माझ्या कामाचा भाग आहे.

मी सांगतो आहे तो दिवस सराव शिबिराच्या शेवटच्या आठवड्यातला. नॅशनल हॉकी लीगमध्ये हंगाम सुरू होताना संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात, त्यांत बचावपटू बहुधा सात किंवा आठ असतात आणि प्रत्यक्ष सामन्यात साधारणपणे सहाच उतरतात. आमचे सहा ठरलेले होते. सातव्या जागेसाठी दोघे उरले होते. त्यांची नावे सांगणे उचित नाही, म्हणून शिबिरातले क्रमांकही बदलून मी त्यांना बासष्ट आणि चौऱ्याहत्तर म्हणतो.

बासष्ट २९ वर्षांचा, धिप्पाड, डावखुऱ्या स्टिकचा, कारकिर्दीची बरीच वर्षे खालच्या लीगमध्ये बसच्या प्रवासांत घालवलेला. चौऱ्याहत्तर २२ वर्षांचा, अंगाने किरकोळ, पण उजव्या स्टिकचा, आणि उजव्या स्टिकचे बचावपटू कमी मिळत असल्याने प्रत्येक संघ त्यांच्या शोधात असतो. तरीही हिशेब बासष्टच्या बाजूने होता. त्याला खाली, म्हणजे खालच्या लीगमधल्या आमच्या संघात, पाठवायचे तर आधी ‘वेव्हर्स’वर ठेवावे लागले असते, म्हणजे २४ तासांत उरलेल्या ३१ संघांपैकी कोणीही त्याला आमच्याकडून फुकट उचलू शकला असता. चौऱ्याहत्तरला वय आणि अनुभवामुळे त्या नियमातून सूट होती. मोठ्याला ठेवा, धाकट्याला खाली पाठवा, म्हणजे दोघेही आपलेच राहतात, असा हा सरळ व्यवहार होता.

बचावपटू जोखणे हे कंटाळवाणे काम आहे. समोरून पक (खेळातली रबरी चकती) घेऊन येणाऱ्या खेळाडूसमोर तो उलटा स्केटिंग करत मागे येतो तेव्हा दोघांमध्ये किती अंतर राहते, हे मी पाहतो. ते अंतर स्टिकच्या लांबीएवढे असेल तर समोरच्याला आमच्या बचावक्षेत्राच्या निळ्या रेषेवर पक सोडून द्यावा लागतो, आणि तिप्पट झाले तर तो आरामात आत शिरतो. आपल्या गोलमागे पडलेला पक आणायला जाताना बचावपटूने खांद्यावरून मागे किती वेळा पाहिले, हेही मी मोजतो. एकदाही न पाहता कोपऱ्यात जाणारा खेळाडू पुढचा पास बहुतेक आंधळेपणाने देतो. प्रेक्षकांना यातले काहीच दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर बाकावर बसलेल्या प्रशिक्षकांनाही निम्मेच दिसते.

त्या दिवशीच्या सराव सामन्यात दुसऱ्या सत्राची सात मिनिटे वीस सेकंद उरली असताना आमच्या एका विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाला, मधल्या पट्ट्यात जबरदस्त धडक बसली. धडक नियमात बसणारी होती, पण तो उठला तेव्हा त्याचा डावा हात लोंबत होता. पंचांनी खेळ थांबवला नव्हता, एवढ्यात बासष्टने धडक देणाऱ्याला गाठले आणि हातमोजे टाकले. समोरच्यानेही टाकले. जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून ती मागून पँटला बांधणारी पट्टी असते. ती ताणलेली मला कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होती. डाव्या हाताने एकमेकांची गळपट्टी धरून उजव्या हाताने गुद्दे चालले होते, चार हातमोजे बर्फावर उताणे पडले होते, आणि दोन्ही लाइन्समन हात खाली सोडून थांबले होते. सुमारे चाळीस सेकंदांनी दोघेही कोसळले तेव्हा लाइन्समन मध्ये पडले. आमचा सगळा बाक स्टिका कठड्यावर आपटत होता. मीही उभा होतो, आणि त्या चाळीस सेकंदांत माझी एकही नोंद झालेली नव्हती.

नियमानुसार मारामारी उकरून काढणाऱ्याला पाच मिनिटांच्या शिक्षेवर आणखी दोन आणि शिवाय दहा मिनिटे मिळतात. म्हणजे बासष्ट १७ मिनिटे बाहेर बसला, आम्ही पाच बचावपटूंवर आलो आणि पहिली दोन मिनिटे एक खेळाडू कमी असताना काढावी लागली. त्या दोन मिनिटांत चौऱ्याहत्तर बर्फावर होता. त्याने दोनदा पक कोपऱ्यातून आणला, दोन्ही वेळा आधी खांद्यावरून मागे पाहिले आणि दोन्ही वेळा शांतपणे कडेच्या काचेवर आपटून बचावक्षेत्राबाहेर काढला. कोणी स्टिका आपटल्या नाहीत.

रात्री दहाला बैठक बसली. महाव्यवस्थापक, मुख्य प्रशिक्षक, बचावपटूंचे सहायक प्रशिक्षक आणि मी. पहिली दहा मिनिटे मारामारीचीच चर्चा झाली. ‘आपल्या माणसासाठी उभा राहिला’ हे वाक्य तीनदा आले. मी त्याला हसत नाही. २००८-०९ च्या हंगामात या लीगमध्ये सातशेहून अधिक मारामाऱ्या झाल्या होत्या आणि आता त्या निम्म्याहून कितीतरी कमी झाल्या आहेत. रात्री चार मिनिटे खेळून फक्त गुद्दे मारणाऱ्या खेळाडूला आज कोणी जागा देत नाही. पण ज्या खोलीतले लोक त्या काळात वाढले आहेत तिथे ती जुनी ओढ उरलीच आहे. आमचे सहायक प्रशिक्षक स्वतः नव्वदच्या दशकात बऱ्याच वेळा लढलेले आहेत. २०११ साली मारामारीसाठीच ओळखला जाणारा खेळाडू डेरेक बूगार्ड २८ व्या वर्षी गेला आणि तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवार लागलेल्या मारांशी जोडला जाणारा आजार आढळला, तेव्हापासून हा विषय निघाला की ते गप्प होतात. त्या रात्रीही ते बोलले नाहीत.

बैठकीआधी मी ती चाळीस सेकंदांची पोकळी भरायला बसलो होतो, आणि संदर्भासाठी थोडे मागून सुरुवात केली होती. धडकेच्या अकरा सेकंद आधी बासष्ट आपल्या गोलमागे पक आणायला गेला होता. त्याने एकदाही मागे पाहिले नाही. दबाव जाणवताच तो घाईने वळला, गोलच्या बाजूने चार पावले वर आला आणि त्याने विंगरला जो पास दिला तो स्टिकवर नव्हे तर स्केटमध्ये गेला. पायांतला पक सोडवताना विंगरची मान खाली गेली आणि समोरून येणारा त्याला दिसलाच नाही. ज्या धडकेचा बदला घेतला, ती त्याच्याच पासमुळे बसली होती.

ही क्लिप दाखवावी की नाही, याचा विचार मी पाच मिनिटे केला हे कबूल करतो. माणसाच्या पोटावर पाय येतो हे मला कळत होते. पण मी बाकी सगळ्या क्लिपा दाखवून एवढीच मागे ठेवली असती, तर ती माझी निवड झाली असती, प्रशिक्षकांची नव्हे.

मी ती लावली. कोणी काही बोलले नाही. सहायक प्रशिक्षक म्हणाले, “पुन्हा लाव.” तिसऱ्यांदा त्यांनी पास सुटण्याच्या क्षणी चित्र थांबवायला सांगितले आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “शिबिरात हे किती वेळा झालं?” माझ्याकडे आकडा होता, तो मी सांगितला. चौऱ्याहत्तरचाही सांगितला. साडेअकराला निर्णय झाला. बासष्टला वेव्हर्सवर ठेवले गेले, कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही आणि तो आमच्याच खालच्या संघात गेला.

वेव्हर्सवर ठेवल्याचे त्याला सांगितले त्या सकाळी तो मला मागच्या दाराजवळ भेटला. उजव्या हाताच्या बोटांची पेरे सुजून एकसंध झाली होती आणि त्यांवर बर्फाची पिशवी बांधलेली होती. त्याने डावा हात पुढे केला.

“पास माझाच होता, माहितीये ना तुला?” तो म्हणाला.

“हो.”

“दाखवलास त्यांना?”

“दाखवला.”

त्याने मान हलवली. “बर्फावरच कळलं होतं मला. त्याची मान खाली गेलेली दिसली होती. मग दुसरं काय करणार होतो मी?” थोडे थांबून त्याने विचारले, “खांदा कसा आहे त्याचा?”

हाड मोडलेले नाही, एवढे मी सांगितले. त्याने बॅग खांद्याला लावली आणि स्टिकांची मोळी डाव्या बगलेत घेतली. उजव्या हाताने त्याला दार उघडता येत नव्हते, म्हणून मी ते धरून उभा राहिलो.