चावी पन्नासची, बाकीचं बिल कशाचं

साताऱ्यात मोटरसायकलची चावी करून घ्यायला किती पडतात असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारायचं, गाडी कुठं उभी आहे आणि जुनी चावी हातात आहे का. एक चावी खिशात असेल अन तिच्यासारखी दुसरी पाहिजे असेल तर ५०-१०० रुपयात भागतं, मशीनवर कापून पाच मिनिटात देतात. चावीच हरवली असेल तर ३०० च्या खाली कुणी बोलत नाही. आणि गाडी कासला असेल, त्यात रविवार, त्यात फुलांचा सीझन, तर फोनवरचा माणूस आधी जरा वेळ गप्प बसतो. तो गप्प बसला की समजायचं, आकडा चार अंकी येतोय.

म्हणजे या सगळ्या बिलात सगळ्यात स्वस्त काय असेल तर ती चावीच. बाकीचे पैसे कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटाचे, रविवारचे आणि आपल्या पडलेल्या तोंडाचे.

मध्ये आमचा मेहुणा कराडहून आला होता. पोवई नाक्यावर गाडी लावली, पेढे घ्यायला गेला आणि परत येऊन बघतो तर चावी गायब. सगळे खिसे झाले, पेढ्याचा पुडा सोडून झाला, दुकानात जाऊन झालं. तोपर्यंत गाडीभोवती पाच-सहा जण जमले होते, आपल्याकडं गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात काय माहीत. एकानं स्वतःच्या स्प्लेंडरची चावी काढून दिली, ही लावून बघा म्हणला. हसण्यासारखं वाटतं पण बऱ्याच जुन्या गाड्यांना खरंच लागते. कुलपाच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, प्रत्येकीला स्प्रिंग, बरोबर चावी आत गेली की सगळ्या पट्ट्या एका लेव्हलला येतात आणि कुलूप फिरतं. गाडी पंधरा वर्षं चालली की चावीपण झिजते अन पट्ट्यापण झिजतात, मग कुलूप फार चौकशी करत नाही. मेहुण्याची गाडी तेवढी जुनी नव्हती, नाही लागली. दुसरा म्हणाला वायर तोडून डायरेक्ट चालू करू. करा की, पण हँडल लॉक केलेलं, म्हणजे इंजिन चालू होऊन गाडी पोवई नाक्यावर जागच्या जागी गोल गोल फिरणार.

शेवटी चावीवाले मामा आले. सायकलला अडकवलेली पिशवी, त्यात कोऱ्या चाव्यांचा झुबका, पकड, दोन-तीन कानशी. आल्या आल्या कुलपाकडं बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न, "गाडी कुणाची?"

मला हा माणूस तिथंच आवडला. कारण हा प्रश्न न विचारता शंभर रुपये कमी घेणारापण गावात सापडतो, पण तो उद्या आपली गाडी दुसऱ्या कुणाला तेवढ्याच आनंदानं उघडून देईल.

मेहुण्यानं फोनवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवली. गाडी वडिलांच्या नावावर. फोटो नाही काही नाही, आणि नंबर कराडचा एमएच ५०, म्हणजे साताऱ्याची एमएच ११ पण नाही. मामा म्हणाले, "गाव कुठलं पाव्हणं?" मसूर. "मसूरात कुणाचं?" सगळं सांगून झालं तरी मामा काय कानस हातात घेईनात. मग व्हिडिओ कॉल लावला सासऱ्यांना. त्यांनी फोन उचलला, मुलाचं तोंड बघितलं, चावी हरवली एवढं ऐकलं आणि जे सुरू झाले ते नाक्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. मागच्या वर्षीचा मोबाईल, त्याच्या आधीची छत्री, सगळा हिशोब निघाला. मामा म्हणाले, "बास बास, पटलं. चोराला कोण एवढं बोलत नाही."

पुढचं काम बघण्यासारखं होतं. कोरी चावी आत घातली, पकडीत धरून डावीउजवीकडं दाबून हलवली, बाहेर काढली आणि उन्हात तिरकी धरली. पितळेवर मुंगीच्या पायाएवढ्या चमकत्या खुणा पडलेल्या, जिथं आतली पट्टी टेकली तिथं. बरोबर तेवढ्या जागी कानशीचे दोन हात, परत आत, परत बाहेर, परत उन्हात. खूण पडायची थांबली की ती जागा झाली, मग पुढची. मध्ये कुणाशी बोलणं नाही. एकदा जास्त घासलं की चावी गेली, नवीन घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू. थोड्या वेळात हँडल खट करून सुटलं.

मामांनी ४०० सांगितले. मेहुणा आता एकदम जोरात आला, "काय वो मामा, दहा मिनिटाचं काम आणि चारशे?" मामा शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही वीस मिनिटात करा की. मी बसतो इथं." ३०० वर मिटलं.

तशी ३०० ही रक्कम काहीच नाही. शोरूमला गेलं तर आख्खा लॉकसेट बदला म्हणतात, इग्निशन, टाकीचं झाकण, साइडचं पॅनेल सगळं, साध्या गाडीलापण हजाराच्या आसपास जातं, मजुरी वेगळी. महागड्या गाड्यांच्या चावीत आता चिप असते, तिथं नुसती कानस चालत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन चावीची ओळख करून द्यावी लागते आणि बिल हजारात जातं. नवीन गाडीबरोबर चावीच्या नंबरची एक बारकी पट्टी मिळते, त्या नंबरवरून बऱ्याचदा चावी मागवता येते, पण ती पट्टी पुढं कुठं जाते हे कुठल्याच घरात कुणाला सांगता येत नाही. आणि दुसरी ओरिजिनल चावी तर जपायलाच पाहिजे, गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात.

तर मेहुण्याला विचारलं, दुसरी चावी कुठाय? घरी असेल म्हणाला. मामा पिशवी आवरत होते, म्हणाले, आता नमुना हातात आहे तर लगेच अजून एक काढून देतो, ५० द्या. मेहुण्यानं जरा विचार केला, नवीन चावी खिशात टाकली आणि म्हणाला, "राहू दे मामा, पुढच्या वेळी बघू."

मामांनी हसून मोबाईल नंबर दिला.