गिअर पडेना? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर पडेना झाला की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "बॉक्स गेला, उतरवायला लागणार." मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं. गाडी जमिनीला टेकलेली, खाली हात घालायला जागा नाही, बोल्ट गंजलेले, अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचा एखादा कान तुटला तर दुसरं केसिंग कुठून आणणार, आणि एवढं सगळं करून शेवटी कळतं की दोष पेडलपाशीच होता. म्हणून हे लिहितोय, पाना हातात घ्यायच्या आधी काय बघायचं ते.

निमित्त आमच्या मावसभावाच्या गाडीचं. तो बेळगावजवळच्या खानापूरकडं असतो, गाडी दोन सीटची, लांब बॉनेटची, मागच्या चाकांवर चालणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा कंपनीचा दोष नाही, वयाचा आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती आणि खानापूरचा पाऊस काय असतो ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, लोखंड म्हणून जे काय असेल त्याला गंज चढतोच. गणपती झाल्यावर काढायला गेला तर इंजिन छान चालू पण पहिला पडेना, दुसरा पडेना, रिव्हर्सला तर नुसतं खर्रर्र. फोनवर म्हणाला, "दादा, बॉक्स उडाला बघ." मी म्हटलं इंजिन बंद कर आणि आता सगळे गिअर टाकून बघ. सगळे अलगद पडले.

ही पहिली टेस्ट आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, म्हणजे लिव्हर, रॉड, आतले गिअर सरकवणारे फोर्क हे बहुतेक ठीक आहेत, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन बॉक्सपासून तुटत नाहीये. इंजिन बंद असतानाही लिव्हर अडकतोय, तर मग लिंकेज (लिव्हरपासून बॉक्सपर्यंतचे रॉड) नाहीतर बॉक्सच्या आतलं काहीतरी. एवढ्या एका गोष्टीनं अर्धं काम होतंय आणि पैसा एक लागत नाही.

दुसरी टेस्ट रिव्हर्सची. बऱ्याच जुन्या बॉक्सला रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रिंग) नसतोच. इंजिन आयडलवर ठेवायचं, क्लच पूर्ण दाबायचा, ४-५ सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून बॉक्सात येणारा दांडा) फिरायचा थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. थांबूनही खर्र आवाज येतोय म्हणजे शाफ्टला कोणीतरी अजून फिरवतंय. आणि पेडल चार वेळा पटापट पंप केल्यावर जर गिअर पडायला लागले तर समजायचं की हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा दाब फ्लुइडनं क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत) हवा आहे किंवा सील गळतंय. भावाच्या गाडीत नेमकं हेच झालं, पंप केलं की पडायचा, जरा थांबलं की परत तेच.

मग गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्यायची (जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, हे कळकळीनं सांगतोय), एकाला पेडल दाबायला बसवायचं आणि खाली स्लेव्ह सिलेंडरचा (बॉक्सपाशी बसलेला, क्लच ढकलणारा सिलेंडर) पुशरॉड किती सरकतोय ते पट्टी लावून बघायचं. हा प्रवास मुळात सेंटीमीटरभराच्या आसपासचा असतो, त्यातले २-३ मिलिमीटर गेले तरी क्लच प्लेट अर्धवट चिकटून राहते, त्यामुळं डोळ्यांनी "सरकतोय की" म्हणून सोडून द्यायचं नाही, मॅन्युअलमधला आकडा बघायचा. पेडल दाबून धरलं की रॉड हळूहळू मागं येतोय तर सील गेलं. पेडल घट्ट लागतंय पण रॉड कमी सरकतोय तर जुना रबरी पाइप आतल्या आत फुगून वाट अडवतोय का बघा. पेडलची पिन झिजलेली असते, पेडल ज्या पत्र्यावर बसतं तो पत्रा तडकलेला असतो, हे तर वर बसल्याबसल्या टॉर्च लावून दिसतं. भावाच्या गाडीत स्लेव्हचं रबरी बूट मागं ओढलं तर आतून काळं फ्लुइड ठिबकलं आणि विषय तिथंच संपला.

आता पार्टचं. आपलं बेळगाव म्हणजे उद्यमबाग औद्योगिक वसाहत, हायड्रॉलिक आणि लेथच्या कामाला दुसरीकडं बघायची गरज नाही. सिलेंडरच्या बोअरला गंजाचे खड्डे पडले असतील तर पितळेचा किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह घालून देणारे कारागीर इथं आहेत. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हायड्रॉलिकच्या दुकानात सहज मिळणारं सील बहुतेक नायट्राइल रबरचं असतं, ते मिनरल ऑईलसाठी चांगलं, पण डॉट ३ नाहीतर डॉट ४ ब्रेक फ्लुइडमध्ये ते फुगतं. या फ्लुइडला ईपीडीएम रबर लागतं. आणि उलटंपण खरं, ब्रेक फ्लुइडच्या सिस्टीममध्ये चुकून मिनरल ऑईल पडलं तर ईपीडीएम सील सुजून बसतात. त्यामुळं साइझ जुळला म्हणून सील घेऊ नका, रबर कुठलं ते विचारा. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, आपल्या पावसाळ्यात तर जास्तच, दोन वर्षांतून एकदा बदललेलं बरं.

हायड्रॉलिक सगळं ठीक, रॉडचा प्रवास पूर्ण, तरी क्लच सुटत नाही असंही होतं, विशेषतः गाडी दमट जागी महिनोन्‌महिने उभी असेल तर प्लेट गंजानं फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला) चिकटते. इंजिन गरम करून बंद करायचं, मोकळ्या माळावर समोर कोणी नाही बघून गिअरमध्ये ठेवून, क्लच पूर्ण दाबून स्टार्ट मारायचा आणि अ‍ॅक्सिलेटर दाब-सोड करत झटके द्यायचे, बऱ्याचदा सुटते. इंजिन पुढं आणि ओढ मागं अशा गाडीत अजून एक चोर असतो, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला बसलेलं पायलट बेअरिंग. ते जाम झालं तर क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट फिरत राहतो. यासाठी मात्र बॉक्स उतरवावाच लागतो.

सिंक्रोची तक्रार वेगळी ओळखू येते. सगळे गिअर नाही, एकच खरखरतो, बहुतेक दुसरा, आणि तोही घाईत टाकला तर. डबल क्लच मारून बघा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा, खालचा गिअर असेल तर थोडा रेस द्यायचा, परत दाबून टाकायचा. पडला की समजा सिंक्रो झिजलाय. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं, त्याच्या आधी सगळे असंच चालवायचे, आणि आपल्या घाटातले जुने ट्रक ड्रायव्हर तर कालपरवापर्यंत.

पण त्याआधी ऑईल बघा. जीएल-४ (गिअर ऑईलचा एक दर्जा) सांगितलेल्या बॉक्समध्ये काही जीएल-५ ऑईलं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, काही गाड्यांना तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल) लागतं, काहींना चक्क इंजिन ऑईल, मॅन्युअल म्हणेल तेच घाला. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल म्हणजे नेहमीची झीज, ऑईलमध्ये सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो घासतोय, लोखंडाचे तुकडे आले तर गाडी तिथंच थांबवा.

गिअर पडतो पण सुटतो, ही तिसरीच गोष्ट. चोर्ला घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटर सोडला की लिव्हर न्यूट्रलला येतोय, तर आधी इंजिन आणि बॉक्सचे माउंटिंग, लिंकेजचे बुश बघा, ते झिजले की लिव्हर पूर्ण बसतच नाही. बुश स्वस्त असतात, लेथवर नायलॉनचे करूनही मिळतात. ते नवे घालूनही सुटतोय तर आतला डिटेंट स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारा) नाहीतर गिअरचे दाते.

आणि बॉक्स खाली आलाच तर रिलीज बेअरिंग (क्लच ढकलून सोडवणारं), पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि क्लच फोर्कचा पिव्हट हे सगळं त्याच वेळी बदलून घ्या, प्लेट अर्धी झिजलेली असेल तर तीपण, कारण हे पार्ट एकेकाचे कितीही स्वस्त असले तरी मजुरी दर वेळी पूर्ण बॉक्स उतरवायचीच पडते.