पाथ ट्रॅव्हर्सल लॅब अपडेट: ../ फिल्टरनेच बनवून दिलं

पाथ ट्रॅव्हर्सल म्हणजे फाइलच्या नावात ../ (एक फोल्डर वर जा) वगैरे घालून ठरलेल्या फोल्डरबाहेरची फाइल मिळवणं, त्याच्या सरावाची ही लॅब. तर फाइल डाउनलोडवालं छोटं पायथन अ‍ॅप माझ्याच मशीनवर कंटेनरमध्ये नीट चालायला लागलंय, आणि या खेपेला त्यात मुद्दाम तो नेहमीचा फिल्टर टाकला, यूजरने दिलेल्या नावात ../ दिसलं की रिप्लेसने उडवायचं, बास. सरळ ../ टाकलं तर अडतं. मग ....// टाकलं. आता नीट बघा, रिप्लेसला मधलं ../ सापडतं, ते तो काढतो, आणि सुरुवातीचे दोन डॉट नि शेवटचा स्लॅश एकमेकांना चिकटून परत ../ तयार! रिप्लेस एकदाच फिरतो, आपण काय बनवून ठेवलंय ते बघायला मागे वळत नाही.

मग लूप लावला, काही सापडेनासं होईपर्यंत काढत राहा. हे बंद झालं, पण नावाची सुरुवातच / ने केली की पायथनचं जॉइन (पाथचे तुकडे जोडणारं फंक्शन) बेस फोल्डर सरळ टाकून देतं आणि रूटपासून पाथ धरतं, तिथे ../ लागतच नाही. ब्लॅकलिस्टचं, म्हणजे नको ते एकेक ओळखून अडवण्याचं, रडगाणं हेच, तुम्ही एक बंद करा, दुसरं हजर.

आणि हे काय फक्त शिकाऊ कोडमध्ये होतं असं नाही हं. अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ मध्ये (त्या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४१७७३) पहिल्या डॉटनंतर दुसरा साधा डॉट आहे का एवढंच तपासलं जायचं, दुसरा डॉट टक्केवाल्या एन्कोडिंगमध्ये (डॉटऐवजी %2e) आला की गेला आरपार. २.४.५० मध्ये ते बुजवलं, तर लोकांनी त्या एन्कोडिंगमधली अक्षरंच परत एन्कोड केली, की तीन दिवसांत २.४.५१ काढावं लागलं. दोन्ही व्हर्जन लॅबमध्ये चालवून बघा, मजा येते.

आता माझ्या अ‍ॅपमधून फिल्टर पूर्ण काढलाय. आधी रिअलपाथने .. वगैरे सोडवून खरा पाथ काढायचा, मग तो बेस फोल्डरच्या आत आहे का ते बघायचं. इथे स्टार्ट्सविथ (सुरुवातीची अक्षरं जुळतात का एवढंच बघणारं) वापरू नका, बेस /डेटा/फाइल्स असेल तर /डेटा/फाइल्स-जुने पण पास होतं, कॉमनपाथ (दोन पाथचा सामाईक फोल्डर काढणारा) बरा.

पुढे झिप अपलोड जोडतोय, कारण तिथे फाइलचं नाव झिपच्या आतून येतं, त्यातही ../ असू शकतं, फॉर्मवरच्या चेकला ते दिसतच नाही. पायथनचं एक्स्ट्रॅक्ट (झिपमधून फाइल बाहेर काढणारं फंक्शन) नावातले .. आपणहून काढून टाकतं, म्हणून लॅबसाठी लिहिण्याचा लूप हातानेच करणार. टेस्टसाठी अशा झिप कोणी बनवल्या असतील तर कशा ते टाका.