वरची बाजू कुठली होती?

खेडच्या खाली जगबुडीच्या काठावर एक बंद पडलेली गोट्याची खाण आहे, ती 'पूर्ववत' करायचं काम आमच्याकडे होतं. पूर्ववत हा कागदावरचा शब्द. खाण सुरू करताना वरची माती वेगळी ढीग घालून ठेवायची असते, म्हणजे शेवटी तीच पसरता येते. इथली पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत गेली आणि आता मला विचारतात झाडं का जगत नाहीत.

तरी उतार मी मन लावून केला. उभा कडा तोडून एकाला तीन, म्हणजे मीटरभर उंचीला तीन मीटर पसरट, वर काथ्याची जाळी, आणि पाण्यालगत गोट्यांच्या फटीत शेरणी या नदीकाठच्या झुडपाच्या काड्या. शेरणी पुरात आडवी होते पण मोडत नाही, मुळं गोटा धरून ठेवतात. मालकाला ऑस्ट्रेलियन बाभूळ हवी होती, पटकन हिरवी दिसते म्हणून. बिलात झाडं लावली किती तेच धरतात, जगली किती ते कोण बघतंय.

राहिला होता चाळणीचा ढीग. गोटा चाळून उरलेली बारीक वाळू, डोक्याएवढी उंच, पाण्यापासून वीसेक पावलांवर. आराखड्यात लिहिलेलं, 'टाकाऊ माल, सपाट करणे'. एप्रिल संपत आलेला, पावसाआधी उरकायचं म्हणून सकाळीच जेसीबी लावला. ढिगावरून नदीकडे गेलेली एक रुंद घसट मी आदल्या दिवशीच बघितली होती, म्हटलं कुणीतरी पाइप ओढत नेला असेल. तिसरी बकेट भरली आणि गुरं घेऊन आलेले एक काका वरून ओरडले, "ओ सायब, थांबवा ते मशीन! मगरीची अंडी हायत ती!"

दोन फुटली होती. पाचसहा अर्धवट उघडी, बाकीची खाली वाळूतच. आणि मी काय केलं, तर त्यातलं एक उचललं. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं, लांबट, कवच खरखरीत, हाताला कोमट. चारी बाजूंनी फिरवून फिरवून फोटो काढले, रिपोर्टला लागतात ना!

तासाभराने वनखात्याचा गार्ड आला. पोरगेलासा, पण काम माहीत असलेला (अशांची बदली लवकर होते). त्याने आधी एकाही अंड्याला हात लावला नाही, खिशातून पेन्सिल काढली आणि उघड्या अंड्यांवर जागच्या जागी वरच्या बाजूला फुली मारली. मग एकेक तसंच्या तसं उचलून परत खड्ड्यात. म्हणाला, गर्भ आतून वरच्या बाजूला कवचाला चिकटलेला असतो सर, अंडं उलटं झालं की मरू शकतो. मग माझ्या हातातल्याकडे बघून, "याची वरची बाजू कुठली होती?"

मला सांगता आलं नाही. अंदाजाने ठेवलं, फुली न मारता.

मगर वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, त्यामुळे ढिगाभोवती दोरी लागली आणि आमचं काम बंद. मालकाचे फोन सुरू झाले, एका वाळूच्या ढिगासाठी किती दिवस? त्याला सांगितलं, तिच्या हक्काची वाळू तुम्हीच डंपरने नेलीत, उरला हा ढीग, तिथे ती आली. फोन कट. गावातही लोक वैतागले, कशाला वाचवता म्हणून. काकांचं तर वासरूच गेलेलं गेल्या वर्षी. मग ओरडलात कशाला, विचारलं, तर म्हणाले, "मंग काय, मशीन फिरवू द्यायचं व्हय?"

जूनच्या पहिल्या पावसात माझा अर्धा उतार वाहून गेला, काड्यांसकट. चार दिवसांनी गार्डचा फोन आला, आईने खड्डा उकरलाय, या. ओल्या वाळूत कवचांचे तुकडे पडलेले, काठाच्या पाण्यात वीतभर पिल्लं, मी अकरापर्यंत मोजली. खड्ड्याच्या तळाशी दोन अंडी अख्खी राहिली होती. मी दोन्ही पुसून बघितली. पाऊस आणि चिखलाने पेन्सिलची फुली राहिली असती की नसती, काय माहीत.