चौऱ्याण्णवचा आकडा

नव्या घरात सामान उतरलं त्याच दिवशी इंटरनेट सुरू झालं, याचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. जोडणी करायला आलेल्या मुलानं दाराच्या चौकटीतून फायबर आत घेतली, हाताला लागला त्या प्लग पॉइंटपाशी ओएनटीचा, म्हणजे फायबरमधला प्रकाश इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलणारा, डबा टेकवला, उरलेल्या वायरचं भेंडोळं टेबलाखाली सारलं आणि दहा मिनिटांत तो गेलासुद्धा. पुढचे दोन महिने झाडू त्या भेंडोळ्यात अडकत राहिला. शेवटी एका शनिवारी सकाळी मी पक्कड घेऊन खाली बसलो.

घरात आधीच्या लोकांच्या वायरी तर होत्याच. डिशची जाड काळी कोअ‍ॅक्स वायर, फोनची बारीक दोनतारी वायर आणि भिंतीतून जाणाऱ्या दोन करड्या कॅट-५ई, म्हणजे आठ तारांच्या नेटवर्कच्या, केबल. कोणती कुठे जाते ते सांगायला कोणी नव्हतं. मी सगळ्याचे फोटो काढले, मग दोन्ही टोकं डोळ्यांना दिसली तेवढ्याच वायरी उपटल्या. कोअ‍ॅक्स आणि फोनची वायर निघाल्यावर अर्धा पसारा तिथंच संपला. वायरी आवरणं म्हणजे मुख्यतः मेलेल्या वायरी ओळखणं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ओएनटी आणि राउटर आतल्या फळीवर चढवले, फायबर चौकटीच्या कडेनं नेली आणि कोपऱ्यावर केबल टाय करकचून आवळला. दिसायला झकास. संध्याकाळपासून मात्र इंटरनेट दर अर्ध्या तासानं जायचं आणि आपलं आपण परत यायचं. कंपनीला फोन लावण्याआधी ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर डोकावलो. तिथे आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती होती उणे २८ डीबीएम (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). घराघरात असते त्या प्रकारच्या फायबर जोडणीत (तिला जीपॉन म्हणतात) ओएनटीनं साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश ओळखावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे आम्ही काठाच्याही जरा खाली लोंबकळत होतो. टाय कापला, कोपऱ्यावरचा बाक सैल केला आणि आकडा उणे २० वर आला. आठ डीबीचा फरक, म्हणजे त्या एका टायपायी प्रकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा पोचत होता.

फायबरच्या आत काच असते आणि ती घट्ट वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान बाक देऊ नये म्हणतात. घरासाठी बनवलेली नवी जात १० किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत सोसते. आपल्याकडची कोणती ते वरून कळत नाही, म्हणून मी वाटीच्या तोंडाएवढं वेटोळं घालून ती सैल वेल्क्रोनं बांधली. हिरव्या टोकाचा कनेक्टर उपसून त्यात डोळा लावायचा नाही, हे मुलीला आधीच बजावलं होतं. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं नसतं.

खरी गंमत पुढे होती. आतल्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे आणि एक करडी केबल तिथल्या भिंतीतल्या जॅकपर्यंत येते. राउटरजवळ वायफायवर २९० एमबीपीएस मिळत होते, प्लॅन ३०० चा. टेबलापाशी वायर लावून मोजलं तर ९४. पुन्हा मोजलं, ९४. रात्री अकराला, ९४. लाइन खराब असती तर आकडा खालीवर झाला असता. हा तर खिळा ठोकल्यासारखा. १०० एमबीपीएसच्या जोडणीत डेटाच्या पाकिटांवरची पत्त्याबित्त्याची वेष्टनं वगळली की हातात एवढंच उरतं. म्हणजे वेग कमी नव्हता, जोडणीच १०० ची झाली होती. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्येही तेच लिहिलेलं, फक्त मी आधी पाहिलं नव्हतं.

जॅकपासून लॅपटॉपपर्यंतची छोटी वायर (पॅच कॉर्ड) बदलून पाहिली, फरक शून्य. मग केबल टेस्टर आणला, आठपैकी कोणत्या तारा पोचतात ते तो दिव्यांनी दाखवतो. त्याचा एक तुकडा राउटरच्या टोकाला लावला आणि दुसरा घेऊन मुलीला आतल्या जॅकपाशी बसवलं.

"सांग, कोणते दिवे लागतायत?"

"बाबा, एक, दोन, तीन... सहा. मधले लागतच नाहीत. सात-आठपण नाही."

१, २, ३ आणि ६. शंभराच्या जोडणीला एवढ्याच चार तारा लागतात. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसच्या जोडणीला, आठही हव्यात. जॅकची पट्टी उघडली आणि उलगडा झाला. आधीच्या कोणीतरी निळी जोडी (४ आणि ५) त्याच डब्यातल्या फोनच्या सॉकेटला दिली होती आणि तपकिरी जोडी (७ आणि ८) केबलच्या गळ्याभोवती गुंडाळून ठेवली होती. एका केबलीत दोन कामं. त्या काळी कोणाला शंभरावर जायचं होतं? त्याला नावं ठेवावीशी वाटेनात, काम नीटनेटकं होतं. फक्त एखादी चिठ्ठी चिकटवायला हवी होती.

दोन्ही टोकं कापून नव्यानं भरली. सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, त्या पिळावरच सगळी मदार असते. मी पहिल्या टोकाला तो चांगला दोन बोटं उलगडला आणि परत कापला. दुसऱ्या टोकाला आणखी हुशारी केली. जॅकवर ए आणि बी असे दोन क्रम छापलेले असतात, वर दिलेला क्रम बी, तिथे मी ए भरला. टेस्टरवर इकडे १ लागला की तिकडे ३. गिगाबिटची उपकरणं बहुतेकदा असली अदलाबदल सांभाळून घेतात, पण पुढच्या भाडेकरूसाठी कोडं ठेवायचं नव्हतं. तिसऱ्यांदा आठही दिवे क्रमानं लागले आणि टेबलापाशी २९१ आले.

दुसरी करडी केबल अजून भिंतीत आहे. तिचं एकच टोक सापडलंय, राउटरच्या फळीमागे. टेस्टर लावून सगळे जॅक तपासले, एकही दिवा लागला नाही. तिच्यावर मुलीनं मार्करनं लिहून चिकटवलंय, "ही कुठे जाते माहीत नाही, कापू नका."