आमची वाटचाल: टक्क्यांकडून मिलिग्रॅमकडे

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल भरायला सुरुवात केली, तेव्हा अर्काची ताकद मोजणे हे पुरवठादाराचे काम आणि कॅप्सूल नीट भरणे हे आमचे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. अश्वगंधेच्या अर्काच्या ड्रमसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘विथॅनोलाइड 5 टक्के’ (विथॅनोलाइड म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य गुणकारी घटकांचा गट) असे छापलेले असे आणि आम्ही तेच लेबलवर उतरवत असू.

पंचवटीतले एक वैद्य आमच्या कॅप्सूल रुग्णांना देत. त्यांनी एकदा विचारले, “एका कॅप्सूलमधून नेमके किती मिलिग्रॅम पोटात जाते?” मी लगेच हिशेब मांडला: 500 मिलिग्रॅम अर्काचे 5 टक्के, म्हणजे 25. त्यावर त्यांनी विचारले, “आणि हे 5 टक्के कोणत्या पद्धतीने मोजले?” मला सांगता आले नाही. त्याच बॅचचा नमुना एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या तपासणीसाठी पाठवला, तेव्हा अहवालात 2.3 टक्के आले. म्हणजे रुग्णाला 25 नव्हे, साडेअकराच मिलिग्रॅम मिळत होते.

पुरवठादाराचा आकडा खोटा होता असेही नाही. त्याने ग्रॅव्हिमेट्रिक, म्हणजे वजनी पद्धत वापरली होती. तिच्यात द्रावक वापरून वेगळा काढलेला भाग वाळवून तोलतात. त्यात विथॅनोलाइडबरोबर जे जे आले, ते सगळे वजनात धरले जाते. एचपीएलसीमध्ये एकेक घटक वेगळा होतो आणि शुद्ध संदर्भ नमुन्याशी ताडून मोजला जातो; तेथेही किती विथॅनोलाइडांची बेरीज केली, हे विचारावेच लागते. म्हणून पद्धतीचे नाव नसलेल्या टक्केवारीवरून मात्रा ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत झाले. ‘10:1 अर्क’ या शब्दांवरून तर ती मुळीच कळत नाही, कारण त्यातून फक्त किती किलो मुळांपासून एक किलो अर्क निघाला एवढेच समजते.

दुकानांतला माल आम्ही परत मागवला. ते वर्ष फार ओढाताणीत गेले, पण चुकीच्या मात्रेचे लेबल ठेवून माल विकणे मला मान्य नव्हते.

त्यानंतर तपासणी आमच्या दारापासून सुरू झाली. पहिल्याच पावसाळ्यात एका ड्रमची आतली पिशवी उघडली, तर वरची भुकटी ओलसर आणि खड्यांची, तळाची मात्र मोकळी होती. केवळ वरून मूठभर नमुना घेतला असता तर साऱ्या ड्रमचा अंदाज चुकला असता. म्हणून आता नळीने वर, मध्ये आणि तळाशी नमुने घेतो आणि ओलावा आधी पाहतो. प्रमाणपत्रातला आकडा कोरड्या वजनावर काढलेला असेल आणि भुकटीत 7 टक्के पाणी असेल, तर 100 ग्रॅम मालात कोरडा अर्क 93 ग्रॅमच असतो, हा साधा हिशेबही आम्ही पूर्वी करत नव्हतो.

आकडा वाढला म्हणजे माल चांगला, असेही नव्हे. अश्वगंधेच्या पानांत विथाफेरिन ए हे एक विथॅनोलाइड भरपूर असते, त्यामुळे मुळांच्या अर्कात पाने मिसळली तर एकूण टक्केवारी चढू शकते. पानांचा वापर टाळावा, असे आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना कळवले. आम्ही खरेदी करताना ‘फक्त मूळ’ अशी लेखी अट घालतो आणि विथाफेरिन ए वेगळे मोजून घेतो.

भरणीत आणखी एक अडचण निघाली. कॅप्सूलचे वजन बरोबर असूनही बॅचच्या शेवटच्या कॅप्सूलमध्ये अर्क कमी येत होता, कारण अर्काची बारीक भुकटी आणि तिच्यात भर म्हणून मिसळलेला जाडसर पूरक पदार्थ यंत्राच्या कंपनाने वेगळे होत होते. आता पूरक पदार्थही अर्क चाळतो त्याच जाळीतून चाळून घेतो आणि सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या कॅप्सूल स्वतंत्रपणे तपासायला पाठवतो.

आज आमच्या लेबलवर टक्क्यांऐवजी प्रत्येक कॅप्सूलमधील विथॅनोलाइडचे मिलिग्रॅम आणि ‘एचपीएलसी पद्धतीने’ असे शब्द असतात. शेजारच्या डबीवर मोठे 5 टक्के दिसतात आणि काही गिऱ्हाइके तीच उचलतात, याचे वाईट वाटते. दुकानदाराने विचारले तर मी त्या पहिल्या बॅचचे दोन्ही अहवाल त्याच्यासमोर ठेवतो.