अठ्ठ्याहत्तराचे ऐंशी

मागच्या मे महिन्यात नागपूरहून संभाजीनगरला आईकडे निघाले होते. समृद्धीवर चढायच्या आधी पंपावर हवा बघायला थांबले, तर पोरगा म्हणाला, "ताई, समृद्धीनं चालल्या ना? मग नायट्रोजनच टाका. टायर तापत नाही, फुटत नाही." बाहेर 44 अंश. टायर फुटल्याच्या बातम्या डोक्यात होत्याच. मुकाट्यानं हो म्हटलं. चार चाकांचे 80 रुपये, वर व्हॉल्वला हिरव्या टोप्या. टोप्या गोड दिसत होत्या, हे मान्य.

नाक्यापर्यंत पोचेस्तोवर किडा वळवळायला लागला. (बारावीला फिजिक्स शिकवते, नाइलाज आहे.) त्यानं आधीची हवा काढलीच नव्हती! दाब 28 पीएसआय होता, त्यावर पाच टाकून 33 केला. हवेत मुळातच 78 टक्के नायट्रोजन असतो. मशीनचा गॅस 95 टक्के शुद्ध धरला, वातावरणाचा दाब मिळवला, तरी टायरमध्ये झाले जेमतेम 80 टक्के. टायर पार बसवून भरला असता तरी आत थोडी हवा उरतेच, नव्वदच्या आसपास गेलं असतं. त्यापुढे जायचं तर सोडा, भरा, पुन्हा सोडा.

आणि तापण्याचं म्हणाल तर कोरडी हवा काय नि नायट्रोजन काय, दाब सारखाच वाढतो. माझ्या टायरला साधारण 6-7 अंशांमागे 1 पीएसआय. कॉम्प्रेसरमधून येणारी ओल तेवढी वेगळी वागते. टायर जास्त तापतो तो हवा कमी असताना, बाजूच्या भिंती सतत मुडपून.

विमानाला मात्र नायट्रोजनच लागतो, कारण आगीचं भय. 1986 साली मेक्सिकोत एका बोइंग 727 चं साध्या हवेनं भरलेलं चाक ब्रेक तापून उड्डाणानंतर फुटलं, 167 माणसं गेली. माझ्या वॅगन आरचं तसलं काही नाही.

नायट्रोजन हळू झिरपतो, हे मात्र खरं. अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयवर भरून वर्षभर ठेवले होते. हवा सरासरी 3.5 उतरली, नायट्रोजन 2.2.

माझं मागचं डावं चाक आठवड्यात चार उतरलं.

परत आल्यावर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी हिरवी टोपी काढली, बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्ववर टेकवलं. थुंकीचा बारीकसा बुडबुडा आला, फुगला, फुटला. दुसरा आला.

"पिन गेली ताई," चाचा म्हणाले. पिन बदलली, 33 हवा मारली, वीस रुपये घेतले. टोपी हिरवीच परत लावली.